पन्नास हजारांत काय बसतं

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की माझा फोन वाजू लागतो. कधी कुणाची आई, कधी मामा, कधी खुद्द उमेदवार. प्रश्न एकच: "मॅडम, पन्नास हजारांत चांगला लॅपटॉप कोणता?" सांगलीच्या एका कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी २२ वर्षं काढली. मशिनं मांडायची, बंद पडली की उघडायची, कीबोर्डमधून बिस्किटांचा चुरा काढायचा. त्यामुळे नात्यागोत्यात आणि गल्लीत हे खातं आपसूक माझ्याकडे आलं.

लोकांना मॉडेलचं नाव हवं असतं. ते मी देत नाही. जूनमध्ये सांगितलेलं मॉडेल दसऱ्याला बाजारात नसतं, आणि असलंच तर त्याच नावाखाली आतला पडदा नाहीतर मेमरी वेगळी निघते. एकाच नावाची चार-चार रूपं विकणं हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. म्हणून इथे नावांपेक्षा हिशेब मांडते, रक्कम ठरलेली आहे आणि ती वाढणार नाही असं धरून. (खरं तर ती वाढतेच. पन्नासचे बावन्न होतात, बावन्नचे सत्तावन्न, आणि वाढलेले सात हजार बहुतेक वेळा भलत्याच जागी जातात.)

आमच्या पिढीच्या डोक्यात अजून असेंबल्ड पीसी बसलेला आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढची आठ-दहा वर्षं मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर आला तो सुट्या भागांनी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात टिळक रोड. कागदावर यादी, प्रत्येक भागापुढे भाव, खाली बेरीज. बेरीज हाताबाहेर गेली की एकेक ओळ छाटायची. मेमरी आत्ता निम्मी, उरलेली बोनस झाल्यावर. ग्राफिक कार्ड पोराची दहावी उरकल्यावर. मदरबोर्डवर रिकाम्या खाचा असायच्या, त्या जणू पुढच्या पगारांसाठी राखून ठेवलेल्या. लॅपटॉप आले आणि या खाचा एकामागून एक बुजत गेल्या. प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला, पातळ मशिनांत मेमरीसुद्धा सोल्डर केलेली. "पुढे वाढवू" ही आमची सगळ्यात लाडकी अर्थनीती तिथे अर्धीमुर्धीच चालते.

म्हणून माझी पहिली कसोटी स्क्रूड्रायव्हरची. मशीन घरी आल्यावर त्यातलं काय बदलता येईल, आणि काय शेवटपर्यंत तसंच राहील? प्रोसेसर, पडदा, कीबोर्ड, बिजागऱ्या, अंगाची घडण हे सगळं तसंच राहणार. पडदा बदलता येतो म्हणा, पण तो फुटल्यावर, आणि बिल बघून जीव घाबरा होतो. एसएसडी बहुतेक मशिनांत काढता-घालता येते. बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलावीच लागते. मेमरी कधी बदलता येते, कधी नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. ठरलेल्या रकमेतला मोठा वाटा न बदलणाऱ्या गोष्टींवर टाकावा, काटकसर करायची ती बदलता येणाऱ्यांत करावी, एवढंच माझं म्हणणं. जाहिरातीचा क्रम नेमका उलटा असतो. "१ टीबी" ठळक अक्षरांत वर, पडद्याची माहिती तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत.

प्रोसेसरपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे होते. "आय फाइव्ह आहे ना?" एवढं विचारून लोक निर्धास्त होतात. आय फाइव्ह हे झालं आडनाव. पिढी कितवी आणि शेवटचं अक्षर कोणतं हे विचारल्याशिवाय माणूस कळत नाही. इंटेलच्या आय५-१२३५यूमध्ये १२ म्हणजे बारावी पिढी आणि यू म्हणजे कमी वीज खाणारा. तिथे एच असेल तर ताकद जास्त, पण तापही जास्त आणि विजेची भूकही जास्त. इथवर ठीक चाललं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने 'कोअर अल्ट्रा' बाजारात आणला आणि त्यासोबत नावातला 'आय' गाळायला सुरुवात केली. आता फळीवर 'कोअर ५ १२०यू' आणि 'कोअर अल्ट्रा ५ १२५यू' शेजारी-शेजारी बसलेले दिसतात. पहिल्यात तेराव्या पिढीचीच बांधणी नवं नाव लावून आलीय, दुसरा खरोखर नवा आहे. पहिला वाईट मुळीच नाही. तो फक्त नव्याच्या भावात घ्यायचा नाही.

एएमडीने तर कोडंच घातलं. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही दोन नावं घ्या. दुकानातला पोरगा सांगेल, दोन्ही सेव्हन थाउजंड सिरीज, सेम टू सेम. पहिला ७ फक्त एवढंच सांगतो की ही मालिका २०२३ ची. खरी गोष्ट तिसऱ्या आकड्यात दडलेली आहे. तिथे २ असेल तर आत झेन २, म्हणजे २०१९ ची रचना. ३ असेल तर त्यानंतरची झेन ३, ४ असेल तर झेन ४. ७५२०यूला चार कोअर, ७५३०यूला सहा. शिवाय ७५२०यूसोबत येणारी मेमरी बोर्डाला सोल्डर केलेलीच असते. म्हणजे ८ जीबीवाला घेतलात तर तो मरेपर्यंत ८ जीबीवालाच. दोन्ही मशिनांच्या अंगावर स्टिकर मात्र एकच, रायझेन ५. एका मैत्रिणीच्या मुलाने असा ७५२०यू ४६ हजारांना आणला आणि पेढे घेऊन आला. मी पेढा खाल्ला, बोलले काही नाही. बिल झालेलं होतं.

इंटेलच्या बाजूला अशीच जोडी आय३-१२१५यू आणि आय३-एन३०५ यांची. पहिल्यात दोन मोठे आणि चार छोटे कोअर. दुसऱ्यात आठ, पण आठही छोटे. वाचणाऱ्याला आठ म्हणजे सहापेक्षा जास्त वाटतात. पत्रं लिहिणं, यूट्यूब, बँकेचं काम याला एन३०५ पुरतो, फक्त भाव त्या मानाने खाली हवा. २० हजारांच्या आसपासच्या नव्या मशिनांत सेलेरॉन एन४०२० नावाचा दोन कोअरचा प्रोसेसर दिसला तर पैसे खिशात ठेवून घरी यावं. तसल्या मशिनापेक्षा चांगला वापरलेला लॅपटॉप शंभर पटीने बरा. त्याकडे मी येतेच.

कुणाला काय पुरतं? बी.कॉम.ची मुलगी, शिक्षक, दुकानाचं टॅली सांभाळणारा अकाउंटंट यांना बाराव्या-तेराव्या पिढीचा आय३ ऐसपैस होतो. कॉम्प्युटर किंवा आयटी शाखेच्या मुलाला आय५ नाहीतर सहा कोअरचा रायझेन ५ असावा. तोही पहिल्या वर्षासाठी नव्हेच. पहिल्या वर्षी काही कॉलेजांत अजून टर्बो सी चालतं, आणि ते तर माझ्या आजीच्या पानाच्या डब्यावरही चाललं असतं. खरा भार तिसऱ्या वर्षी येतो, जेव्हा अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन असले अवजड पाहुणे येतात. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी सॉफ्टवेअर आधी बघावं. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट विंडोजवरच चालतात, टॅलीप्राइमही. हे ठाऊक नसताना मॅकबुक घेऊन आलेले मेकॅनिकलचे दोन विद्यार्थी मी पाहिलेत. दोघांनी चारही वर्षं ड्रॉइंगचं काम आमच्या लॅबमध्येच केलं.

आता मेमरी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची किमान अट ४ जीबीची आहे, पण ती दाराबाहेर उभं राहण्यापुरती. क्रोमचे दहा टॅब, ऑनलाइन तास आणि बाजूला वर्ड, एवढ्यात ८ जीबीचीही दमछाक होते. चार वर्षं मशीन चालवायचं असेल तर १६ जीबी हवी, याबद्दल आता फारसा वाद राहिलेला नाही. मेमरीच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या अॅपलनेसुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ जीबीवर नेली.

माझा जुना सल्ला सोपा होता. ८ जीबी बसवलेली आणि एक खाच रिकामी असं मशीन घ्या, वर्षभराने दोन हजारांची ८ जीबीची पट्टी घाला. मेमरीच्या दोन पट्ट्या जोडीने चालल्या की ज्या मशिनाला वेगळं ग्राफिक कार्ड नाही त्याचा पडद्यावरचा वेगही सुधारतो, हा वरचा फायदा. असं करून मी गेल्या काही वर्षांत निदान पंधरा घरांचे पैसे वाचवले असतील. पण २०२५ च्या अखेरीस ही वाट बिकट झाली. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची अशी काही उचल केली की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी आपलं लक्ष त्या महागड्या गिऱ्हाइकाकडे वळवलं. डीडीआर५ पट्ट्यांचे किरकोळ भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला 'क्रुशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळणाऱ्या पट्ट्यांतलं हे एक नाव. जुन्या साठ्यातला १६ जीबीचा लॅपटॉप आणि त्याचाच ८ जीबीचा भाऊ यांच्यात चार-पाच हजारांचाच फरक दिसत असेल, तर आज मोठा उचलावा. पण त्या फरकापायी प्रोसेसर एक पायरी खाली येत असेल तर थांबावं, रिकामी खाच असलेलं ८ जीबीचं मशीन घ्यावं आणि भाव उतरायची वाट पाहावी. मेमरीचा बाजार चढतो तसा उतरतोही, हे मी याआधी दोनदा पाहिलंय. रिकामी खाच नसलेलं ८ जीबीचं मशीन मात्र कुठल्याच भावात नको.

भाव चढणार म्हटलं की घाईची लाट येते. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली आणि दुसऱ्याच दिवशी तिची अंमलबजावणी नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. त्या दोन दिवसांत माझ्या ओळखीतल्या तिघांनी मिळेल तो लॅपटॉप उचलला. एकाने तर त्याला नको असलेला गुलाबी.

पडद्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि चार वर्षं रोज सहा तास बघायचा असतो तो पडदाच. या किमतीत तीन गोष्टी तपासाव्यात. १९२० गुणिले १०८० पेक्षा कमी ठिपके असतील तर पुढे वाचायचंही कारण नाही. पडदा आयपीएस जातीचा हवा. टीएन जातीचा असेल तर मान जरा हलली की रंग उलटेपालटे होतात आणि शेजारी बसलेल्याला वेगळंच चित्र दिसतं. तिसरा मुद्दा उजेड आणि रंगांचा. स्वस्त मशिनांच्या माहितीत '२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' अशी ओळ सापडते. निट्स म्हणजे पडद्याचा उजेड. पंचेचाळीस टक्के एनटीएससी म्हणजे नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम ६०-६२ टक्केच रंग दिसणार. लाल तिथे विटकरी होतो. दुकानात हे कळत नाही, तिथले दिवे सोयीचे असतात. घरी दुपारी खिडकीजवळ बसलं की कळतं. ३०० निट्स आणि 'शंभर टक्के एसआरजीबी' असं लिहिलेलं मशीन पन्नासात सापडलं तर त्यासाठी मी एसएसडी अर्धी करायलाही तयार होईन. फोटो, डिझाइन, डीटीपी करणाऱ्याला तर याशिवाय गत्यंतर नाही.

कीबोर्ड आणि बिजागऱ्या बोटांनीच तपासायच्या. झाकण एका हाताने उघडून बघा. कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा, पत्रा खाली वाकतो का. माझ्या भाचीच्या लॅपटॉपची डावी बिजागरी आठव्या महिन्यात निखळली आणि सोबत पडद्याची कडही तडकली. सर्व्हिस सेंटरने हे 'फिजिकल डॅमेज' ठरवलं, म्हणजे वॉरंटीत नाही. तिने तो कधी आपटला नव्हता. रोज सकाळी कोपऱ्याला धरून उघडायची, एवढंच. आतला स्क्रू प्लास्टिकच्या ज्या बोंडात रुततो तेच फुटलं होतं. तेव्हापासून मी लोकांना सांगते, झाकण मधोमध धरून उघडा, आणि अपघाती नुकसानीचं संरक्षण मशिनासोबतच सवलतीत मिळत असेल तर घ्या. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांसाठी तर घ्याच.

साठवणीचं लवकर आटोपतं. एनव्हीएमई एसएसडी हवी, ५१२ जीबी पुरते. विंडोज ती ४७६ दाखवतं आणि दरवर्षी कुणीतरी ३६ जीबी चोरीला गेले म्हणून फोन करतं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, एवढाच तो घोळ. एसएसडीऐवजी ईएमएमसी लिहिलेलं दिसलं तर पान उलटा.

बॅटरीचे 'दहा तास' कंपनी पडदा मंद करून, एकच व्हिडिओ चालवून मोजते. आपण भागाकार करावा. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेले असतात. वह्या-पुस्तकांचं काम करताना या वर्गातलं मशीन ८ ते १० वॅट खातं. ४२ वॅट-अवरच्या बॅटरीत म्हणजे चार-पाच तास. गावाकडे भारनियमन असेल किंवा कॉलेजात प्लग पॉइंटवरून भांडणं होत असतील तर ५० च्या वर बघा. टाइप-सी चार्जिंग असेल तर प्रवासात चार्जर विसरला तरी दिवस वाया जात नाही.

मराठी टायपिंगसाठी वेगळे पैसे मोजू नका. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आधीपासून आहे, २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आलाय. छपाईच्या धंद्यातली, जुनी डोंगलवाली सॉफ्टवेअरं वापरणारी मंडळी स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपपासून तूर्त लांब राहिलेली बरी. त्यांची बॅटरी झकास असते, पण ज्या यंत्राला किंवा डोंगलला वेगळा ड्रायव्हर लागतो त्याचा त्या प्रोसेसरसाठी केलेला ड्रायव्हर नसेल तर गाडी अडते.

पैशांकडे वळू. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ५०,००० रुपयांच्या बिलात यंत्राची किंमत ४२,३७३ आणि कर ७,६२७. ज्याच्याकडे जीएसटी नंबर आहे आणि जो लॅपटॉप धंद्यासाठी घेतोय त्याने तो नंबर बिलावर घालून घ्यावा, कराची वजावट मिळते. दर वर्षी एखादा दुकानदार हे विसरतो आणि मार्चमध्ये हळहळतो. पालकांना ही सोय नाही. एमआरपीवरून किती टक्के सूट मिळाली याचा आनंद मानू नये. ७५ हजारांची एमआरपी खोडून ४९,९९० लिहिलेलं असतं, त्यातले ७५ हजार कुणीच कधी दिलेले नसतात. खरा भाव कळायचा तर महिनाभर आधीपासून दर आठवड्याला वहीत टिपून ठेवा. दसरा-दिवाळीच्या आधीचे सेल आणि जून-जुलैचे विद्यार्थी सेल यांत भाव खरोखर उतरतात, त्यातही बँकेच्या कार्डाची सूट हाच मोठा वाटा असतो. कार्ड नसलेल्याला जाहिरातीतला भाव लागू होत नाही.

'नो कॉस्ट ईएमआय'चं कौतुक जरा जपून. शून्य टक्के व्याज अशी चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. आता व्याज लागतं, आणि तेवढीच रक्कम सूट म्हणून आधी वजा दाखवतात. त्या व्याजावर जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी आपल्या माथी येते. सात-आठशे रुपयांचा मामला. सोय म्हणून द्यायला हरकत नाही, पण फुकट समजू नये. बिलासोबत ऑफिस येतं का, हेही विचारा. विंडोजसोबत ऑफिसची कायमची प्रत देणारी मॉडेलं आपल्याकडे बरीच आहेत. ती नसेल तर लिबरऑफिस आहेच, फुकट आणि मराठी मेन्यूसकट.

पन्नासच्या आसपासचे आडरस्तेही आहेत. गेमिंग लॅपटॉप म्हणवणारी मशिनं खरी सुरू होतात साठच्या पुढे. भाचे मंडळी "कोडिंगसाठी लागतो" म्हणतात. कोडिंगला आरटीएक्स ग्राफिक कार्ड लागत नाही, हे आत्याने आईला सांगायचं नाही असा एक मूक करार असतो, तो मी दरवर्षी मोडते. चार्जर धरून तीन किलोच्या घरात जाणारं ओझं आणि दोन-तीन तासांत मान टाकणारी बॅटरी बसच्या प्रवासात कुणाला हवीय? मशीन लर्निंगचा नाद असेल तर गूगल कोलॅब फुकटात पुष्कळ दूरवर नेतं. क्रोमबुक स्वस्त मिळतं, २०२१ पासूनच्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट द्यायचं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. आठवीतल्या मुलीला उत्तम, टॅलीवाल्या काकांना निरुपयोगी. मॅकबुक एअर एम१, २०२० ची, सेलमध्ये पन्नास-पंचावन्न हजारांपर्यंत उतरली तेव्हा घरोघरी मोह झाला. बॅटरी, पडदा, घडण यांत तिला या भावात तोड नव्हती. पण ८ जीबी मेमरी, २५६ जीबी साठवण आणि एकही स्क्रू उघडून काही वाढवायची सोय नाही. माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या कसोटीत ती पार नापास होते, तरी लेखन-वाचनाचंच काम करणाऱ्या एका प्राध्यापिकेला मी तीच घ्यायला लावली. कसोट्या माणसांसाठी असतात.

वापरलेल्या मशिनांचं जग मात्र आडरस्ता म्हणून सोडून देण्यासारखं नाही. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी घाऊक विकतात आणि ते पुसूनपासून बाजारात येतात. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही २०१८ च्या सुमाराची मंडळी. नवी असताना लाखाच्या आगेमागे होती, आता वीस-बावीस हजारांत मिळतात. बिजागऱ्या लोखंडी, कीबोर्डवर सांडलेलं पाणी निचरून जावं अशी रचना, मेमरीच्या दोन खाचा. टी४८० ची मागची बॅटरी तर बाहेरच्या बाहेर निघते. म्हणजे आमच्या असेंबल्ड पीसीच्या जमान्याचा लॅपटॉपमधला शेवटचा वारस. ज्याच्याकडे पंचवीसच हजार आहेत त्याला मी नव्या सेलेरॉनकडे जाऊच देत नाही, सरळ इकडे पाठवते.

पण इथे एक रेघ कायम लक्षात ठेवायची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. आठव्या पिढीचा टी४८० त्या रेघेच्या अलीकडे, त्याच्यासारखाच दिसणारा टी४७० सहाव्या-सातव्या पिढीचा, म्हणजे पलीकडे. दुकानदार त्यावर आडमार्गाने विंडोज ११ बसवून देतो, दिसतंही छान, पण पुढच्या अपडेटांची हमी कुणाची? तुम्ही लिनक्स वापरणार असाल तर टी४७० खुशाल घ्या आणि त्या नावाखाली भाव पाडून घ्या. वापरलेलं मशीन घेताना तिथेच सुरू करून बायोसमध्ये शिरून बघा. पासवर्ड मागितला तर जुन्या कंपनीचं कुलूप अजून लागलेलंच आहे असं समजून मशीन परत ठेवा. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतः बनवून देतं. नवी असताना किती भरायची आणि आता किती भरते हे दोन आकडे दुकानदाराकडून समोर काढून घ्या. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा.

ऑनलाइन की दुकान? ऑनलाइन दीड-दोन हजार स्वस्त पडतं आणि खोका उघडतानाचं चित्रीकरण करून ठेवलं तर फारसा धोकाही नाही. दुकानदार त्या दीड-दोन हजारांत मेमरीची पट्टी समोर बसवून देतो आणि पहिल्या आठवड्यात काही बिघडलं तर तोंड दाखवायला एक माणूस असतो. दोन्हीकडे एक काम सारखंच. कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर घालून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. गोदामात पडून राहिलेल्या मशिनाची वॉरंटी कधीकधी चार महिने आधीच सुरू झालेली असते. बिल पाठवलं की तारीख दुरुस्त होते, पण पाठवायचं आपण असतं. 'ऑनसाइट' वॉरंटी लिहिलेली असली तरी तुमच्या पिनकोडला माणूस येतो का ते विचारा. जत किंवा आटपाडीला राहणाऱ्यासाठी 'कॅरी-इन'चा अर्थ दिवसभराची रजा आणि एसटीचं जाऊन-येऊन भाडं. दाद लागलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. माझ्या भाचीने तिथे तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी कंपनीने बिजागरी बदलून दिली, पडद्याच्या कडेचे पैसे मात्र घेतलेच.

गेल्या जुलैत मिरजेच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीला इस्लामपूरला कॉम्प्युटरला प्रवेश मिळालेला. नवरा एसटीत कंडक्टर, पन्नास हजार सोसायटीचं कर्ज. आम्ही तिघी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. सहा कोअर, आयपीएस पडदा, ८ जीबी आणि एक खाच रिकामी, ४३ हजार. अपघाती संरक्षण दोन हजारांच्या आत, माऊस चारशेला. बॅग फुकट. मुलगी हिरमुसली, तिच्या मैत्रिणीच्या मशिनावर १६ लिहिलेलं होतं. बाईंनी उरलेले पैसे मोजले, पाकिटात घातले, आणि पाकिटावर मुलीच्याच पेनने लिहिलं, "मेमरी, दिवाळीला". दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. पट्टीचा भाव विचारून आल्या होत्या. पाकीट अजून कपाटातच आहे म्हणाल्या, त्यात दोनशे रुपये आणखी टाकलेत.